दोन गुणांमधला वेळ : टेनिसमधील मनःसंयमाचा इतिहास

टेनिसच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ थोडा. बराचसा वेळ दोन गुणांच्या मध्ये, बाजू बदलताना आणि पुढच्या सर्व्हिसच्या तयारीत जातो. एकेरीत त्या वेळी खेळाडूच्या सोबतीला कोणी नसते. वाया गेलेला फटका मनात घोळवत बसायचे की तो तिथेच सोडून द्यायचा, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. हा मोकळा वेळ कसा वापरायचा हे खेळाडू हळूहळू शिकत गेले आणि त्यातूनच टेनिसमधील मनःसंयमाचे शास्त्र उभे राहिले.

विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये झाली. तेव्हा हा हौशी, सुखवस्तू लोकांचा खेळ होता आणि कोर्टवर शांत राहणे हा शिष्टाचाराचा भाग मानला जाई. त्यासाठी वेगळा सराव करावा, असे कोणाच्या मनात येत नसे. दडपण मात्र तेव्हाही होतेच. १९१९ च्या विम्बल्डन अंतिम लढतीत वीस वर्षांची सुझान लेंग्लेन सात वेळच्या विजेत्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स यांच्याविरुद्ध उभी होती. वडिलांनी पाठवलेल्या ब्रँडीचे घोट घेत तिने धीर टिकवला, दोन मॅच पॉइंट वाचवले आणि १०-८, ४-६, ९-७ असा विजय मिळवला. तिच्यानंतरची अमेरिकेची हेलन विल्स चेहऱ्यावर काहीच उमटू देत नसे. प्रतिस्पर्ध्याला तिच्या मनाचा थांग लागत नसे. विम्बल्डनची एकेरीची आठ विजेतेपदे तिने याच निर्विकारपणे जिंकली.

१९६८ मध्ये मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या. बक्षिसाच्या रकमा वाढल्या, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले आणि एकेका गुणाचे मोल चढले. १९७० मध्ये अमेरिकन ओपनमध्ये आणि पुढच्या वर्षी विम्बल्डनमध्ये टायब्रेक आला. त्यामुळे तासाभराची मेहनत चार-दोन गुणांवर येऊन ठेपू लागली.

१९७५ मध्ये विम्बल्डनवर बाजू बदलताना बसण्यासाठी खुर्च्या ठेवल्या गेल्या. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात आर्थर अ‍ॅश यांनी या खुर्चीचा उपयोग कसा करावा हे दाखवून दिले. दर विश्रांतीत ते डोळे मिटून स्तब्ध बसत. समोर जिमी कॉनर्स हा गतविजेता होता आणि सर्वांचे पारडे त्याच्या बाजूने झुकलेले होते. अ‍ॅश यांनी सामना ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा जिंकला.

ब्यों बोर्ग हा संयमाचे मूर्तिमंत रूप समजला जातो, पण लहानपणी तो तापट होता. कोर्टवरच्या वागणुकीबद्दल त्याच्या क्लबने त्याला काही महिने खेळू दिले नव्हते. १९८० च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात चौथ्या सेटमध्ये त्याच्या हातून सात मॅच पॉइंट निसटले आणि टायब्रेक जॉन मॅकेन्रोने १८-१६ असा घेतला. पाचव्या सेटच्या आरंभी आपल्या सर्व्हिसवरचे पहिले दोन गुणही बोर्गने गमावले. त्यानंतर मात्र त्याने सर्व्हिसवरचे सलग १९ गुण जिंकले आणि तो सेट ८-६ असा खिशात घातला.

संयम शिकवता येतो, हा विचारही १९७० च्या दशकात पुस्तकरूपाने आला. ध्यानधारणेकडे वळलेले अमेरिकन प्रशिक्षक टिमथी गॅल्वे यांचे ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. मनातला एक ‘मी’ सतत हुकूम सोडतो आणि चुका काढतो, तर दुसरा ‘मी’ प्रत्यक्ष खेळतो. पहिल्याला गप्प करायचे तर त्याला काम द्यावे, असे त्यांचे सांगणे होते. त्यासाठी चेंडूवरची शिवण पाहत राहायचे. चेंडू टप्पा घेताच एक शब्द उच्चारायचा आणि रॅकेटला लागताच दुसरा. शब्द वेळेवर पडावा म्हणून लक्ष आपोआप चेंडूवर खिळते.

१९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी नामवंत खेळाडू दोन गुणांच्या मध्ये काय करतात, हे बारकाईने पाहिले. त्यातून चार टप्प्यांची पद्धत तयार झाली. गुण संपताच ताठ मानेने वळायचे. नजर रॅकेटच्या तारांवर ठेवून श्वास संथ करायचा. पुढचा डाव ठरवायचा. शेवटी चेंडू ठरावीक वेळा आपटण्यासारखी नेहमीची कृती करायची.

नियमांनीही लगाम घातला. १९९० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मॅकेन्रोला आधी ताकीद मिळाली, मग रॅकेट आपटल्याबद्दल एक गुण गेला आणि शेवटी शिवीगाळीमुळे त्याला स्पर्धेबाहेर काढण्यात आले. हकालपट्टीआधीची एक पायरी त्या वर्षी कमी झाली होती, हे त्याच्या लक्षात नव्हते.

संयम सुटला तरी तो पुन्हा कमावता येतो. १९९३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती. ५-१ होण्यासाठी एकच गुण हवा असताना तिने डबल फॉल्ट केला आणि सामना स्टेफी ग्राफकडे गेला. १९९८ मध्ये तिने तेच विजेतेपद पटकावले.

२०१८ मध्ये अमेरिकन ओपनच्या मुख्य स्पर्धेत सर्व्हिससाठी २५ सेकंदांचे घड्याळ आले. दोन गुणांमधला वेळ आता मोजूनमापून मिळतो. त्यामुळे श्वास आणि नजर ताब्यात ठेवण्याचा सराव फोरहँड-बॅकहँडइतकाच लहान वयापासून झाला पाहिजे.