आधी वाढ, मग वण

मधुमेहाने किडनी ‘गेली’ असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर काहीतरी झिजलेले, आक्रसलेले येते. सुरुवात मात्र उलटी होते. मधुमेह नवा असतो तेव्हा अनेकांची मूत्रपिंडे मोठी होतात आणि नेहमीपेक्षा जास्त गाळतात. डेन्मार्कच्या मोगेन्सन आणि अँडरसन यांनी तरुण मधुमेहींमध्ये हे मोजून १९७३ साली प्रसिद्ध केले. या दिवसांत रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा कचरा, छान कमी येते, डॉक्टरही खूश असतात. मधुमेहातला मूत्रपिंडविकार समजून घेण्याची पहिली पायरी म्हणजे त्या खुशीवर शंका घेणे.

ही वाढ घातक का? मूत्रपिंडाला नवे नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे सूक्ष्म एकक, घडवता येत नाहीत. गर्भात ३६ आठवड्यांच्या सुमारास जेवढे तयार झाले तेवढ्यांवर जन्म काढायचा. एका मूत्रपिंडात सरासरी दहाएक लाख, काहींच्या वाट्याला त्याहून बरेच कमी. म्हणजे मूत्रपिंड वाढते ते आहेत तेच नेफ्रॉन फुगून. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, तीच गाळणी. तिला बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बोटे पसरून धरून ठेवतात, आणि या पेशींना सहसा विभागता येत नाही. गाळणी फुगली की त्या ताणल्या जातात, काही सुटून लघवीतून वाहून जातात. त्यांची जागा भरायला कोणी येत नाही.

पेशींना ‘वाढा’ असा सांगावा धाडणारी जी प्रथिने, ते वृद्धिघटक. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना त्यांच्या शोधासाठी १९८६ चे नोबेल मिळाले. नाव मात्र बारशाच्या घाईत ठेवल्यासारखे आहे. यांतला आपल्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा घटक, टीजीएफ-बीटा, अनेक पेशींचे विभाजन चक्क रोखतो. वाचकाने नावावर जाऊ नये.

वाढ आणि मधुमेह यांचे नाते या नोबेलच्या कितीतरी आधी उघड झाले होते. अर्जेंटिनाच्या बर्नार्दो उसाय यांनी १९३० च्या सुमारास दाखवले, की स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पीयूषिका ग्रंथीही काढली तर मधुमेह सौम्य होतो. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकिकत लिहिली: पीयूषिका निकामी झाली आणि तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार मागे हटला. संशय पीयूषिकेतून स्रवणाऱ्या वाढीच्या संप्रेरकावर आला. पुढे, या संप्रेरकाचा संदेश अडवलेल्या उंदरांना मधुमेह जडवला, तेव्हा त्यांच्या गाळण्या बऱ्याच अंशी सुरक्षित राहिल्या. मधुमेह जडवलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात पहिल्या एक-दोन दिवसांतच आयजीएफ-१ हा, वाढीच्या संप्रेरकाचा निरोप पुढे नेणारा वृद्धिघटक चढतो, मूत्रपिंड मोठे होण्याच्याही आधी.

मग टीजीएफ-बीटाचा अंमल सुरू होतो. जास्त साखर आणि रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक, दोन्ही त्याला चेतवतात. केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी त्याच्या सांगण्यावरून कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन ही वणाची सामग्री रचू लागतात, आणि हा राडारोडा साफ करणारी विकरे त्याच वेळी दाबली जातात. गवंडी भिंत बांधतच राहिला आणि पाडणारे घरी पाठवले, अशी ही गत. किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ मध्ये मधुमेहींच्या मूत्रपिंडात सूक्ष्मदर्शकाखाली ज्या गाठी पाहिल्या, त्या याच साचलेल्या पदार्थाच्या.

एवढे कळल्यावर उपाय सोपा वाटला. २००० साली झियादेह आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांना टीजीएफ-बीटाविरोधी प्रतिपिंड दिले; मेसँजियल पेशींभोवतीचा फुगवटा थांबला, मूत्रपिंडाचे काम टिकले. लघवीत गळणारे अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र कमी झाले नाही. या बारीक नोंदीकडे तेव्हा जास्त लक्ष द्यायला हवे होते, असे माझे मत आहे. कारण अशाच प्रतिपिंडाची माणसांवरची ४१६ रुग्णांची चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली, आणि तिचा अहवाल २०१७ मध्ये आला.

व्हीईजीएफ या दुसऱ्या वृद्धिघटकाची गोष्ट याहून शिकवणारी आहे. पोडोसाइट हा घटक केशवाहिन्यांसाठी सोडतात. उंदरांमध्ये तो वाढवला तरी गाळणी बिघडते आणि कमी केला तरी बिघडते, हे क्वॅगिन यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले. कर्करोगासाठी त्याला रोखणारे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या गाळण्यांत रक्ताच्या बारीक गुठळ्या झाल्याचेही नंतर दिसले. तेव्हा ‘कोणता घटक दोषी’ या प्रश्नातच मला खोट दिसते. विचारायचे ते कोणत्या पेशीत, किती आणि केव्हा.

रुग्णांच्या पदरात प्रत्यक्षात पडले ते आडवाटेने. अँजिओटेन्सिन रोखणारी औषधे २००१ च्या दोन मोठ्या चाचण्यांत उपयोगी ठरली. पुढे एसजीएलटी-२ रोधक या मधुमेहाच्या औषधांनी गाळणीवरचा दाब उतरवला. वृद्धिघटकांवर थेट नेम धरलेले एकही औषध अजून या आजारासाठी दवाखान्यात पोचलेले नाही. तरीही हा विषय अपयशाचा इतिहास म्हणून वाचू नये. आडवाटेची ही औषधे का चालतात, हे याच संशोधनामुळे थोडेफार समजते.

रसायनाची धास्ती असलेल्यांनी सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांपासून सुरुवात करावी, रेणू मागाहून आपोआप ओळखीचे होतील. आणि वाचक स्वतः मधुमेही असेल, तर लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणून ती टाळू नये.