चोळणे, शेकणे, डागणे : आष्टा परिसरातील वेदनाशमनाच्या रीती

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात, सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आष्टा वसले आहे. ऊस, हळद आणि कुस्ती ही या मुलखाची ओळख. मुका मार, लचक, उसण आणि सांधेदुखी यांवर इथे चोळणे, शेकणे आणि डागणे हे उपाय पिढ्यानपिढ्या चालत आले. तिन्हींचा एक समान आधार: वेदनेचा संदेश दाबून टाकण्याची शरीराची स्वतःची सोय.

चोळण्याची कला वाढली ती तालमीत. आष्ट्याजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर या दोघांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवले. असे मल्ल घडवणाऱ्या परंपरेत मालीश हा मेहनतीचाच भाग होता. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरवलेले असे. लढत संपली की पठ्ठे एकमेकांचे अंग रगडत आणि दुखावलेल्या जागेवर वस्तादाचा जाणता हात फिरे. कुठे दाबायचे आणि कुठे नुसते चोळायचे, हे ज्ञान कागदावर न उतरता हातातून हातात गेले.

या हाताने दुखणे का उतरते, याचे पहिले पटणारे स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडले. त्वचेतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे जाणारे तंतू एकसारखे नसतात. स्पर्श आणि दाब सांगणारे ए-बीटा तंतू जाड असून त्यांच्यावर मायलिनचे आवरण असते. त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे 30 ते 70 मीटर वेगाने धावतो. तीक्ष्ण, झटक्याची कळ नेणारे ए-डेल्टा तंतू त्यांहून बारीक. मागाहून येणारा ठणका मात्र बिनआवरणाच्या सी तंतूंतून सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर सरकतो. मज्जारज्जूच्या मागच्या शृंगात हे सगळे एकत्र येतात. तिथे जाड तंतू लहान अवरोधक चेतापेशींना जागे करतात आणि त्या पेशी वेदनेचा संदेश पुढे जाताना क्षीण करतात. या रचनेला ‘द्वार नियंत्रण’ असे नाव मिळाले. मूळ आराखड्यातील काही जोडण्या पुढच्या संशोधनात बदलल्या, पण स्पर्शाने वेदना रोखली जाते हा गाभा टिकला. ठेच लागताच हात आपोआप अंगठ्याकडे जातो, तोही याचमुळे.

आंबेहळदीचा लेप, निरगुडीच्या पाल्याचा किंवा तापवलेल्या विटेचा शेक हे घरातले उपाय. शेकाने रक्तपुरवठा वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात आणि उबेची जाणीव नेणारे तंतूही वेदनेच्या संदेशावर प्रभाव टाकतात.

डाग देणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत कठोर रीत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, शलाका अशी साधने त्यात सांगितली आहेत आणि शरद व ग्रीष्म हे ऋतू वर्ज्य मानले आहेत. खेड्यांत ही विद्या तापलेल्या सळईच्या चटक्यापर्यंत आली. लंगडणाऱ्या बैलालाही डागत, माणसालाही. चटक्याने आधीचे दुखणे काही काळ खरोखर कमी होते. 1979 मध्ये ल बार्स, डिकन्सन आणि बेसाँ यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की एका जागी तीव्र वेदना दिली तर शरीरात अन्यत्र वेदनेला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी दबतात. इथे काम करतात ते बारीक तंतूच: ते मेंदूच्या बुंध्याला खबर देतात आणि तिथून उतरणारे तंतू मज्जारज्जूत लगाम आणतात. मात्र हा आराम तात्पुरता असतो, जखम आणि जंतुसंसर्ग मागे राहतात. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर चटके देण्याची प्रथा तर निव्वळ घातक आहे; तिचे समर्थन कोणत्याही शास्त्राने होत नाही.

मेंदूकडून उतरणारा हा लगाम कुस्तीच्या फडातही दिसतो. लढत रंगात असताना बोट निखळले तरी मल्लाला कळत नाही, कळ येते ती खाली बसल्यावर. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर यांनी जखमी सैनिकांत हेच पाहिले: गंभीर जखमा असूनही बहुतेकांना वेदनाशामक नको होते. 1969 मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मध्यमेंदूतील एका भागाला विद्युत् उत्तेजना देऊन, भूल न देता शस्त्रक्रिया केली. 1975 मध्ये जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतील एनकेफलिन ही अफूसारखे काम करणारी द्रव्ये ओळखली. मध्यमेंदूतून निघालेला आदेश मज्जासेतूखालच्या लंबमज्जेत येतो आणि तिथले तंतू सेरोटोनिनसारख्या द्रव्यांच्या साहाय्याने मज्जारज्जूतच वेदना अडवतात.

द्वार नियंत्रणाच्या कल्पनेवरून वॉल यांनी विल्यम स्वीट यांच्यासह 1967 मध्ये सौम्य विजेने जाड तंतू उत्तेजित करून दीर्घकालीन वेदना उतरवून दाखवली. त्यातून पुढे फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत वापरली जाणारी ‘टेन्स’ यंत्रे आली. त्यांतील जलद, सौम्य झिणझिण्या मुख्यतः जाड स्पर्शतंतूंमार्फत काम करतात, तर सेकंदाला दोन-चार ठोके देणारी जोरकस पद्धत शरीरातील अफूसदृश द्रव्यांवर अधिक विसंबते.