बंगळूरचे सव्वातीन

पेशवाईतील साडेतीन शहाण्यांची गणना आपणां मराठी माणसांस मुखोद्गत असते. सखारामबापू, देवाजीपंत व विठ्ठल सुंदर हे पूर्ण; नाना फडणीस तेवढे अर्धे, कारण त्यांच्या हाती तलवार नव्हती. बंगळुरात सव्वातीनांची एक मंडळी आहे, आणि तिचा इतिहासही नोंदून ठेवण्याजोगा आहे. 'थर्मल अँड अ क्वार्टर' हे त्या वाद्यवृंदाचे नाव. १९९६ साली ख्राइस्ट कॉलेजच्या विद्यार्थ्यांतून तो उभा राहिला. तिघे मल्याळी आणि एक पाव मल्याळी, असा हिशेब. 'थ्री मल' याचे ओढूनताणून 'थर्मल' झाले व उरलेल्या पावाचे 'क्वार्टर'.

कर्नाटकाच्या राजधानीत ही मंडळी इंग्रजीत गातात, याचे नवागतास नवल वाटते. बंगळूर म्हणजे १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर, एवढे आपणांस ठाऊक असते. पण त्याच गावाशेजारी १८०९ साली इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली आणि पाहता पाहता ते दुसरे गावच झाले. पलटणींचे बँड, चर्चमधील समूहगायन, अँग्लो-इंडियन घरांतील पियानो व गिटार यांवर तेथील पिढ्यांचे कान तयार झाले. पेठ आणि छावणी यांच्या नगरपालिका १९४९ साली एक झाल्या. शहराचे कान मात्र दोनच राहिले.

या तयार कानांनीच एक अडचण उभी केली. श्रोत्यांस विलायती रॉक संगीत हवे असे, पण ते ध्वनिमुद्रिकेवर ऐकले तसेच. नक्कल जितकी हुबेहूब, तितकी टाळी मोठी. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांतून गाजलेली कितीतरी मंडळे अशा नकलेवरच जगली आणि पदवी मिळताच विरून गेली. या सव्वातीनांनी स्वतःचीच गाणी रचून म्हणण्याचा हट्ट धरला. रॉकच्या चौकटीत जॅझ व फंक यांची वळणे घालून आपल्या गाण्यास त्यांनी नाव दिले 'बंगलोर रॉक'. २००० साली पहिला संग्रह निघाला; त्याचे शीर्षक म्हणजे त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता, आणि हे शहर तेव्हा संगणकाच्या धंद्याने झपाटलेले होते! २००१ साली डीप पर्पल हा विख्यात इंग्रज वाद्यवृंद येथे आला, तेव्हा त्याच्या आधी वाजविण्याचा मान यांस मिळाला. त्या मानाचे कौतुक पुष्कळ होते. मला ते दुय्यम वाटते. पाहुण्याच्या पंगतीत पहिले पान मिळाले म्हणून घरची चूल पेटत नाही.

खरा प्रश्न चुलीचाच होता. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांस संस्थानिकांचा आश्रय होता, तिकिटे काढणारे गावोगावचे रसिक होते. चित्रपटापासून दूर राहून, इंग्रजीत, स्वरचित गाणाऱ्यांस आश्रय कोण देणार? गायक व गिटारवादक ब्रूस ली मणी आणि तालवादक राजीव राजगोपाल यांनी २०१० साली 'ताकॅडमी' ही संगीतशाळा काढून याचे उत्तर शोधले. शिकवणीवर घर चालवावे आणि गाणे आपल्या मनाचे करावे, ही तोड आपल्याकडील गवयांसही अपरिचित नाही.

२०१२ साली, म्हणजे स्थापनेनंतर सोळा वर्षांनी, त्यांनी 'थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज' हा तीन तबकड्यांचा संग्रह काढला. विषय कोणता, तर ऑटोरिक्षा! विलायती वाद्यांवर अस्सल बंगळुरी हमरस्ता चढला, तो येथे. त्यातील एका गाण्याचे नाव 'मीटर मेले वन अँड हाफ'. कन्नडमध्ये 'मेले' म्हणजे 'वर'. मीटरवर दीडपट द्या, अशी रिक्षावाल्याची ती मागणी आहे. मराठी कानास मात्र प्रथम मीटरच मेल्याची वार्ता ऐकू येते, आणि रात्री दहानंतर स्टेशनाबाहेर उभे राहणाऱ्या आपल्यासारख्या बदलीवाल्यांस तो अर्थही खोटा वाटत नाही.