चळवळीची वेबसाइट : संगणक कोणता घ्यावा, साधन कोणते निवडावे?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही पत्रे निघाली आणि 'भारत भूषण' हा स्वतःचा छापखानाही उभा राहिला. आपले म्हणणे मांडण्याचे साधन आपल्या हातात असले पाहिजे, हा त्यामागचा विचार. आज अनेक मंडळे, विहार समित्या, वाचनालये आणि विद्यार्थी संघटना आपले सारे काम फेसबुक पेज किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठेवतात. पेज बंद झाले, मोबाइल हरवला की वर्षानुवर्षांचे फोटो, अहवाल, भाषणे जातात. म्हणून स्वतःची वेबसाइट हवी. ती करताना कार्यकर्ते जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी काम ठरवा, मग संगणक

टायपिंग, पत्रव्यवहार, हिशेब आणि वेबसाइटवर मजकूर टाकणे एवढेच काम असेल तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरेसे आहे. व्हिडिओ संपादन करायचे असेल तर १६ जीबी रॅम घ्या. दुकानदार १ टीबीची हार्डडिस्क दाखवून भुलवतो. पण साध्या हार्डडिस्कपेक्षा लहान एसएसडीवर संगणक कितीतरी वेगाने चालतो. फोटो साठवायला बाहेरची हार्डडिस्क वेगळी घेता येते.

संगणक विहारात किंवा वाचनालयात एकाच जागी राहणार असेल तर डेस्कटॉप बरा. त्याचे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती स्वस्त पडते. मात्र वीज जाते तिथे यूपीएसचा खर्च धरा. शिबिरे, गावभेटी, सर्वेक्षण असे फिरते काम असेल तर लॅपटॉप घ्या.

जुना संगणक घेताना

कंपन्यांनी वापरून विकलेले लॅपटॉप कमी पैशांत मिळतात आणि मंडळाच्या कामाला चांगले चालतात. घेताना चार गोष्टी पाहा : बॅटरी प्रत्यक्ष किती वेळ टिकते, कीबोर्डची प्रत्येक कळ चालते का, रॅम वाढवता येते का आणि पक्के बिल मिळते का. बिल नसेल तर घेऊ नका. लेखापरीक्षणात अडचण येते आणि माल चोरीचा असण्याची भीतीही असते.

विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना संगणक देणगीत मिळाला तर तो भंगारात काढू नका. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका, सोबत लिब्रेऑफिस वापरा. दोन्ही मोफत आणि कायदेशीर आहेत. चोरीचे विंडोज आणि 'क्रॅक' केलेली सॉफ्टवेअर यांतून व्हायरस येऊ शकतात.

मराठी युनिकोडमध्येच

श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर छापायला ठीक. पण वेबसाइटवर टाकला की अक्षरांचा गोंधळ होतो आणि गुगलवर तो सापडत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो. रोज थोडा सराव केला की काही आठवड्यांत हात बसतो. मुक्ता, बालू, नोटो असे मोफत फॉन्ट उपलब्ध आहेत. जुन्या स्मरणिका आणि अंक फॉन्ट परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतात. मात्र नंतर एकदा डोळ्यांखालून घालाच. जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

वेबसाइटचे साधन

*गुगल साइट्स* : चार-पाच पानांची ओळख, पत्ता आणि उपक्रम एवढेच हवे असेल तर हे सर्वांत सोपे आणि मोफत आहे.

*ब्लॉगर* : नियमित लेख आणि बातम्यांसाठी मोफत. स्वतःचे डोमेनही जोडता येते. पैसे नसलेल्या विद्यार्थी गटाने इथूनच सुरुवात करावी.

*वर्डप्रेस* : २००३ पासून चालत आलेले मुक्त सॉफ्टवेअर. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर आहेत. बातम्या, ग्रंथसूची, फोटो, व्हिडिओ सारे काही करता येते आणि एका होस्टिंग कंपनीकडून दुसरीकडे साइट हलवता येते. मात्र सॉफ्टवेअर आणि प्लगइन सतत अद्ययावत ठेवावी लागतात. दुर्लक्ष झाले की साइट हॅक होते. ते काम कोण करणार, हे सुरू करण्यापूर्वी ठरवा.

*विक्ससारखी साधने* : माउसने ओढून सुंदर पाने बनतात, पण स्वतःचे डोमेन जोडायला दर महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरावे लागतात आणि तयार साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून निर्णय घेऊ नका. दुसऱ्या वर्षी किती भरावे लागतील ते विचारा. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून मोफत मिळते. त्यासाठी वेगळे पैसे कोणी मागत असेल तर दुसरी कंपनी पाहा.

मालकी कोणाची?

आमच्या पाहण्यातल्या बहुतेक बंद पडलेल्या साइट तांत्रिक बिघाडाने नव्हे, तर मालकीच्या गोंधळाने बंद पडल्या. साइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतले, पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, मुदत संपली आणि नाव दुसऱ्यानेच घेतले. म्हणून :

१. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर घ्या.
२. पासवर्ड किमान दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे असावेत आणि द्विस्तरीय पडताळणी चालू असावी.
३. नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात नोंदवा. पदाधिकारी बदलले की दप्तराबरोबर पासवर्डही सोपवा.
४. दर महिन्याला बॅकअप घ्या. त्याची एक प्रत साइटबाहेर ठेवा.
५. महत्त्वाची पाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करा.

वाचकांचा विचार

आपला वाचक बहुधा मोबाइलवर आणि मोजक्या डेटावर वाचतो. जयंतीचे पन्नास मोठे फोटो एका पानावर टाकू नका. प्रत्येक फोटो लहान करून टाका आणि खाली प्रसंग, स्थळ, वर्ष लिहा. निवेदन किंवा पत्रक फक्त फोटो म्हणून न टाकता मजकूर म्हणूनही द्या. मग ते शोधता येते आणि अंध वाचकालाही स्क्रीन रीडरवर ऐकता येते.

वधू-वर सूची करणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. मुलामुलींचे फोटो, मोबाइल नंबर आणि पत्ते सर्वांसाठी उघडे ठेवू नयेत. मुलींना त्रास देणारे फोन अशाच याद्यांतून जातात. माहिती संबंधितांच्या लेखी संमतीनेच घ्या, पासवर्डआड ठेवा आणि लग्न जमल्यावर काढून टाका. अत्याचाराच्या घटनेची बातमी देतानाही पीडित स्त्रीची किंवा बालकाची ओळख उघड होणार नाही, हे पाहा. लैंगिक गुन्ह्यांत अशी ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

महागडा संगणक आणि झगमगीत साइट यांवाचून काम अडत नाही. आठवड्याला एक नवा, तपासलेला मजकूर टाकणारी दोन माणसे असतील तर ब्लॉगरवरची साधी साइटही दहा वर्षांनी आपल्या वस्तीचा इतिहास ठरेल. ती दोन माणसे आधी ठरवा, खरेदीला मग जा.