धवलेरीचा अधिकार : उत्तर कोकणातील स्त्रियांच्या विधिज्ञानाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पूर्वज स्त्रियांच्या ज्ञानाचे पुनरुज्जीवन करण्याचा विचार अलीकडे नॉर्डिक देशांत आणि त्याबाहेरही मांडला जातो. त्याच्या केंद्रस्थानी 'वोल्वा' ही भाकीत सांगणारी, विधी करणारी स्त्री आहे. 'वोलुस्पा' या काव्याचे शीर्षकच 'वोल्वेचे भाकीत' असे आहे. तथापि आइसलँडने इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या काव्याचे प्रमुख हस्तलिखित सुमारे १२७० चे आहे. म्हणजे वोल्वेचा शब्द आपल्यापर्यंत येतो तो इतरांच्या लेखणीतून, आणि तोही धर्मांतरानंतर अडीच शतकांहून अधिक काळाने. शहापूर-मुरबाडसह ठाणे व पालघर जिल्ह्यांतील स्थिती यापेक्षा भिन्न आहे. येथे ही परंपरा अद्याप जिवंत आहे. म्हणून प्रश्न पुनरुज्जीवनाचा नसून दखल घेण्याचा आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

धवलेरी आणि धवळे

वारली विवाहाचे पौरोहित्य 'धवलेरी' ही स्त्री करते. तिच्या गाण्यांनीच विधी पुढे सरकतो. आगरी-कोळी समाजात तिला 'धवलारीण' म्हणतात. धवळा म्हणजे विवाहगीत. रुक्मिणीच्या विवाहावर 'धवळे' रचणारी महदंबा तेराव्या शतकातील असून ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. महदंबेचे धवळे महानुभाव पंथाने ग्रंथरूपात जतन केले. धवलेरीचे धवळे मात्र मुख्यतः कंठातच राहिले.

चौकाचे स्थलांतर

वारली विवाहात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक रेखाटतात. चौकात पालघट देवीची स्थापना होते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. यामुळे अनेक कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळाले, हे निर्विवाद आहे. परंतु चित्र बाजारात गेले, गाणे भिंतीपाशीच राहिले. मुळात स्त्रियांच्या हातची असलेली ही कला प्रामुख्याने पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पिढ्यानपिढ्या चौक काढणाऱ्या सवाशिणींची नावे इतिहासात नोंदली गेली नाहीत.

निसर्गज्ञान आणि त्याची दुसरी बाजू

धान्याची देवी कणसरी हिची उपासना आणि रानाची ओळख ही याच ज्ञानाची अंगे होत. पावसाच्या आरंभी आदिवासी स्त्रिया शेवळं, टाकळा, कुर्डू या रानभाज्या बाजारात आणतात. शेवळं घशाला खाजवतात. म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालावी लागतात. हे ज्ञान आईकडून मुलीकडे येते.

तथापि या परंपरेचे निव्वळ गौरवीकरण इतिहासाला धरून होणार नाही. जो समाज धवलेरीला मान देतो, त्याच समाजात एखाद्या स्त्रीला 'भुताळी' ठरवून छळल्याचीही उदाहरणे आहेत. उत्तर युरोपातही सतराव्या शतकात चेटकीण ठरवून स्त्रियांना जाळण्यात आले. स्त्रीच्या ज्ञानाविषयी आदर आणि भय यांचे हे सहअस्तित्व अभ्यासाचा विषय व्हावे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला गुन्हा ठरविले आहे.

निष्कर्ष

वोल्वेला आज कोणी प्रश्न विचारू शकत नाही. धवलेरीला विचारता येतात. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी धवळ्यांचे ध्वनिमुद्रण गाणाऱ्या स्त्रीच्या संमतीने आणि तिच्या नावानिशी करावे. आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थिनींच्या आज्या या परंपरेच्या वाहक आहेत. त्या हयात असताना हे कार्य झाले नाही, तर पुढील पिढीलाही दुसऱ्याच्या लेखणीतून आलेल्या अवशेषांवरच पुनरुज्जीवनाचा डोलारा उभारावा लागेल.