जुन्या डिझेल ट्रकमधील तेलगळती व अल्प तेलदाब

तेलगळती आणि अल्प तेलदाब हे जुन्या डिझेल ट्रकच्या वंगण यंत्रणेत वारंवार आढळणारे दोन दोष आहेत. इंजिनातील वंगण तेल (बोलीभाषेत ऑइल) इंजिनाबाहेर किंवा पाणी, इंधन अथवा हवेच्या मार्गात झिरपणे म्हणजे तेलगळती होय. मुख्य तेलमार्गातील दाब उत्पादकाने ठरवून दिलेल्या किमान मर्यादेखाली जाणे म्हणजे अल्प तेलदाब होय. हे दोष अनेकदा एकाच ट्रकमध्ये दिसतात, परंतु त्यांची कारणे बहुधा वेगळी असतात. इंजिनाच्या तळाशी थेंब पडत असूनही दाब व्यवस्थित असू शकतो. उलट, बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या इंजिनाचा दाब धोकादायक पातळीवर असू शकतो. त्यामुळे दोन्हींचे निदान स्वतंत्रपणे आणि ठरावीक क्रमाने केले जाते. चुकीच्या निदानामुळे एकतर गरज नसताना संपूर्ण इंजिन खोलले जाते, किंवा वेळेवर न थांबवलेल्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट निकामी होतो.

## पार्श्वभूमी

या लेखात 'जुना डिझेल ट्रक' म्हणजे यांत्रिक इंधन पंप असलेला व इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेला ट्रक होय. भारतात टाटा कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रकनिर्मिती सुरू केली. हे सहकार्य १९६९ मध्ये संपले. मद्रास येथील अशोक मोटर्स ही कंपनी १९५५ पासून अशोक लेलँड या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८६ मध्ये बाजारात आलेला टाटा ४०७ हा लहान ट्रक ग्रामीण महाराष्ट्रात विशेष रुळला. या पिढीच्या इंजिनांमध्ये संवेदक फारच थोडे असतात. संगणकीय तपासणी शक्य नसल्याने निदान दाबमापक, तेलाची स्थिती, आवाज आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांवरच अवलंबून असते.

## वंगण यंत्रणेची रचना

इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्राला कारागीर 'चेंबर' म्हणतात. त्यातील तेल जाळी बसवलेल्या शोषण नळीतून दंतचक्री पंपाकडे जाते. पंपातून ते फिल्टर व (असल्यास) ऑइल कूलरमार्गे मुख्य तेलमार्गात पोहोचते. तेथून क्रँकशाफ्टचे मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, कॅमशाफ्टचे बुश, रॉकर शाफ्ट आणि टर्बोचार्जर यांना तेल मिळते व ते पुन्हा चेंबरमध्ये उतरते. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून स्प्रिंगवर चालणारा दाबमोचक व्हॉल्व्ह असतो.

पंप तेलाचा प्रवाह निर्माण करतो. त्या प्रवाहाला बेअरिंगमधील अरुंद फटी जो अडथळा करतात, त्यातून दाब तयार होतो. फट दुप्पट झाल्यास, इतर बाबी समान असताना, तिच्यातून वाहून जाणारे तेल सुमारे आठपट होते. म्हणूनच बेअरिंगची अल्पशी झीजही दाबमापकावर स्पष्ट दिसते. तेल तापून पातळ झाल्यावर हा परिणाम आणखी वाढतो.

## तेलगळतीचे निदान

### गळतीचा उगम

तेल खाली ओघळते आणि पंख्याच्या व प्रवासातील वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे जेथे थेंब पडतो तेथेच गळती असते असे नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले तेल इंजिनाच्या मागील बाजूने उतरून क्लचच्या घरापाशी साचते आणि मागील ऑइल सील खराब झाल्याचा भास होतो. हे सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने या चुकीची किंमत मोठी असते.

तपासणीपूर्वी इंजिन बंद व थंड असताना त्याची बाहेरील बाजू धुऊन पूर्ण कोरडी केली जाते. संशयित सांध्यांवर खडूची किंवा टाल्कची बारीक पूड लावतात. त्यानंतर इंजिन चालवून, फिरत्या भागांपासून दूर राहून, वरून खाली पाहणी करतात. सर्वांत वर व सर्वांत पुढे जो भाग प्रथम ओला होतो, तेथे उगम असण्याची शक्यता अधिक असते. रात्रभर इंजिनाखाली पुठ्ठा ठेवल्यास डागांची जागा व रंग यांवरूनही माहिती मिळते. उग्र, गंधकासारखा वास गिअर ऑइलकडे निर्देश करतो. म्हणजे गळती इंजिनाची नसून गिअरबॉक्सची असू शकते.

### बाहेरील गळतीच्या नेहमीच्या जागा

* टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर व चेंबर यांचे पॅकिंग
* क्रँकशाफ्टचे पुढील व मागील ऑइल सील
* फिल्टरचे बैठक-पृष्ठ, दाबमापकाची नळी व टर्बोचार्जरच्या तेलनळ्या
* चेंबरचा ड्रेन प्लग व त्याखालील वॉशर
* इंधन पंप व हवेचा कॉम्प्रेसर जेथे इंजिनाला जोडलेले असतात ते सांधे

यांतील दाबाखालील नळ्यांची गळती सर्वांत तातडीची मानली जाते. पॅकिंगमधून तेल हळूहळू पाझरते, परंतु फुटलेल्या दाबनळीतून अल्पावधीत चेंबर रिकामे होऊ शकते. संथ दिसणारी गळतीही नगण्य नसते. सुमारे २० ते २५ थेंब म्हणजे १ मिलिलिटर धरल्यास, सेकंदाला एक थेंब या गतीने १० तासांत दीड लिटरच्या आसपास तेल जाते.

### क्रँककेसमधील दाब

झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून ज्वलनवायू क्रँककेसमध्ये उतरतात व ब्रीदर नळीतून बाहेर पडतात. ब्रीदर तुंबल्यास किंवा वायूंचे प्रमाण फार वाढल्यास आत दाब साचतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. एकाच वेळी अनेक जागांतून गळती सुरू झाल्यास सील बदलण्यापूर्वी ब्रीदर तपासला जातो. ब्रीदर मोकळा असूनही त्यातून सतत जोराचा धूर येत असेल, तर दोष रिंग व लायनरमध्ये असण्याची शक्यता असते.

### न दिसणारी गळती

पातळी घटते पण जमिनीवर डाग नाही, अशा वेळी पुढील मार्ग तपासले जातात.

* ज्वलनकक्ष: धुराड्यातून निळसर धूर येतो. कारण पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह गाईड किंवा टर्बोचार्जरचे सील असू शकते.
* हवेचा कॉम्प्रेसर: एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरला इंजिनाचेच तेल मिळते. त्याच्या रिंगा झिजल्यास तेल हवेच्या टाकीत जाते. टाकीचा निचरा व्हॉल्व्ह उघडल्यावर पाण्यासोबत बरेच तेल आल्यास हा दोष ओळखता येतो. हे तेल ब्रेक व्हॉल्व्हमधील रबरी भागांनाही घातक ठरते.
* ऑइल कूलर: चालू इंजिनात तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असल्याने कूलर फुटल्यास तेल रेडिएटरमध्ये जाते. इंजिन बंद झाल्यावर उलट दिशेने पाणीही तेलात उतरू शकते.

## अल्प तेलदाबाचे निदान

### प्राथमिक तपासणी

ट्रक सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टीवर तेलाची पातळी पाहिली जाते. पातळी वाढलेली आढळणे हे घटलेल्या पातळीइतकेच गंभीर असते, कारण त्याचा अर्थ तेलात डिझेल किंवा पाणी मिसळले आहे असा होऊ शकतो. डिझेल मिसळलेले तेल पातळ होते व त्याला इंधनाचा वास येतो; गळके नोझल किंवा इंधन पंपाचे सील हे त्याचे नेहमीचे कारण असते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा ओल्या लायनरचे रबरी रिंग यांतून पाणी येऊ शकते. अशा तेलात केवळ नवी भर घालून ट्रक चालवणे बेअरिंगला हानिकारक असते.

### दाबाची खातरजमा

केबिनमधील मापक किंवा त्याचा संवेदक जुना झाल्यावर चुकीचा आकडा दाखवू शकतो. म्हणून मुख्य तेलमार्गावरील संवेदक काढून त्याजागी खात्रीचा यांत्रिक दाबमापक जोडला जातो. इंजिन पूर्ण तापल्यानंतर मंद गतीला व ठरावीक फेऱ्यांना दाब मोजतात. उत्पादकाची सेवापुस्तिका उपलब्ध असल्यास तिच्यातील आकडे प्रमाण मानले जातात. ती नसल्यास मिनिटाला दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे ०.७ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, हा ढोबळ नियम वापरला जातो. या चाचणीपूर्वी इंजिन खोलणे अयोग्य समजले जाते.

### लक्षणे व संभाव्य कारणे

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| गरम इंजिनाला मंद गतीत दाब कमी, गती वाढवल्यावर पुरेसा | बेअरिंगची झीज, पातळ झालेले किंवा अयोग्य श्रेणीचे तेल |
| थंड व गरम, सर्व गतींना दाब कमी | झिजलेला पंप, उघडा अडकलेला दाबमोचक व्हॉल्व्ह, बेअरिंगची मोठी झीज |
| गती वाढवल्यावर दाब उतरतो | तुंबलेली शोषण जाळी, शोषण नळीतून हवा ओढली जाणे |
| चढावर, वळणावर किंवा ब्रेक लावताना काटा पडतो | चेंबरमधील कमी पातळी |
| दाब अचानक शून्य | दाबनळी फुटणे, पंपाचे दातेचक्र तुटणे, मापकातील बिघाड |

दाब अचानक शून्य झाल्यास मापकाच्या चुकीची शक्यता गृहीत न धरता इंजिन त्वरित बंद केले जाते. तेलाविना चालणाऱ्या बेअरिंगचा वरचा थर वितळून क्रँकशाफ्टला चिकटण्यास फार वेळ लागत नाही.

### अंतर्गत तपासणी

यांत्रिक मापकानेही दाब कमी असल्याचे सिद्ध झाल्यास सोप्या व स्वस्त भागांपासून सुरुवात केली जाते: प्रथम तेल व फिल्टर, नंतर दाबमोचक व्हॉल्व्ह, मग चेंबर उतरवून शोषण जाळी व पंप, आणि शेवटी बेअरिंग. जुना फिल्टर कापून त्यातील कण पाहिल्यास बरीच माहिती मिळते. लोहचुंबकाला चिकटणारे कण लायनर, रिंग किंवा कॅमशाफ्टच्या झिजेकडे निर्देश करतात. न चिकटणारे तांबूस कण बेअरिंगचा किंवा बुशचा थर उघडा पडल्याचे सुचवतात. अनेक ट्रकांत चेंबर उतरवल्यावर इंजिन गाडीतच ठेवून बेअरिंगच्या टोप्या एकेक करून तपासता येतात. शाफ्टवर खोल ओरखडे नसतील आणि माप मर्यादेत असेल, तर केवळ बेअरिंग बदलून काम भागू शकते.

## प्रचलित चुकीचे उपाय

* घट्ट तेल वापरणे: मापकावरील आकडा वाढतो, पण झीज कायम राहते आणि थंड इंजिनात तेल बेअरिंगपर्यंत पोहोचण्यास उशीर होतो.
* दाबमोचक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणे: दोष त्या व्हॉल्व्हचा नसेल तर गरम इंजिनाचा दाब वाढत नाही; मात्र थंड इंजिनात दाब प्रमाणाबाहेर जाऊन फिल्टर किंवा सील फुटू शकते.
* पॅकिंगवर जास्त लेप लावणे: आतील बाजूस आलेला लेप सुटून शोषण जाळीत अडकतो. अशा रीतीने गळतीवरील उपायातूनच अल्प दाबाचा दोष निर्माण होतो.
* पट्टीवरील खुणेच्या वर तेल भरणे: तेल क्रँकशाफ्टवर आपटून फेसाळते व ब्रीदरमधून हवेच्या मार्गात जाऊ शकते. असे तेल इंधन म्हणून जळू लागल्यास इंजिनाची गती अनियंत्रित वाढते व इंधन बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेचा पुरवठा तोडावा लागतो.

## शनिशिंगणापूर परिसरातील वापर

शनिशिंगणापूर हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील गाव ऊसपट्ट्यात आहे. जवळच्या सोनई येथे मुळा, तर तालुक्यातील भेंडे येथे ज्ञानेश्वर हा सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो व मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात ऊस ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्यांनी कारखान्यावर आणला जातो.

या वाहतुकीत वंगण यंत्रणेवर परस्परविरोधी ताण पडतात. शेतातून भरलेला ट्रक कच्च्या वाटेने कमी गतीत व जास्त भाराखाली बाहेर निघतो. कारखान्याच्या आवारात मात्र तो वजनकाट्यासाठी रांगेत थांबत थांबत पुढे सरकतो. तापलेले इंजिन मंद गतीत चालण्याची हीच स्थिती बेअरिंगची झीज प्रथम उघड करते. शनिवारी व शनि अमावस्येला भाविकांच्या गर्दीने रस्त्यांवरील वाहतूक मंदावते, तेव्हाही असेच घडते. घोडेगावहून अहिल्यानगरकडे जाताना लागणाऱ्या इमामपूर घाटाच्या चढावर तेलाचे तापमान वाढते. चढ संपल्यावर मंद गतीतील दाब पाहणे ही चालकाला सहज करता येणारी तपासणी आहे. चालक रोज सकाळी पट्टीवरील पातळी व आठवड्यातून एकदा गरम इंजिनाचा मंद गतीतील दाब वहीत नोंदवत असेल, तर हंगामाच्या मध्यावर इंजिन बंद पडण्यापूर्वीच हळूहळू होणारी घसरण लक्षात येते.

## सुरक्षितता व पर्यावरण

ट्रकखाली काम करताना चाकांना उटी लावणे व केवळ जॅकवर विसंबून न राहणे आवश्यक असते. गरम तेलाने गंभीर भाजते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडणाऱ्या तेलाने आग लागू शकते. क्लचच्या तबकडीवर तेल गेल्यास क्लच घसरतो, तर रस्त्यावर सांडलेले तेल दुचाकीस्वारांसाठी धोकादायक असते. वापरलेले तेल भारतात २०१६ च्या घातक व इतर अपशिष्टविषयक नियमांच्या कक्षेत येते. ते जमिनीत, पाटात किंवा विहिरीजवळ न ओतता बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे देणे अपेक्षित आहे.