मानेची हिसका-इजा (व्हिपलॅश)

मोटारीला मागून धडक बसली असता आसनाबरोबर धड एकाएकी पुढे ढकलले जाते व डोके जडत्वामुळे क्षणभर जागीच राहते. त्यामुळे मानेवर येणाऱ्या ताणातून स्नायू, अस्थिबंध व सांध्यांची आवरणे या मऊ ऊतींना होणारी इजा. मानदुखी, मान आखडणे, डोकेदुखी, चक्कर आणि हाताला मुंग्या येणे ही तिची प्रमुख लक्षणे होत. अनेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, काहींची वेदना मात्र वर्षानुवर्षे टिकते. हाड मोडलेले नसल्यामुळे क्ष-किरणचित्रात आणि बहुधा एम. आर. आय. तपासणीतही काहीच आढळत नाही, आणि या इजेविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ येथेच आहे.

इजेची प्रक्रिया : ‘व्हिपलॅश’ ही संज्ञा अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये वापरली. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवक आणि मानवाकृती डमी मोटारीत बसवून मागील धडकेचे नियंत्रित प्रयोग केले. मान मर्यादेपलीकडे मागे वाकल्याने इजा होते, अशी त्या काळची समजूत होती. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून प्रवासी मोटारींच्या पुढील आसनांना डोक्याचा आधार (हेडरेस्ट) सक्तीचा झाला, त्यामागेही हीच समजूत होती. पुढे झालेल्या शासकीय मूल्यमापनात आसनाशी अखंड असलेल्या आधाराने इजा सु. १७ टक्क्यांनी, तर खालीवर करता येणाऱ्या आधाराने अवघ्या १० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा दुसरा प्रकार बहुतेक वाहनांत सर्वांत खालच्या पातळीवरच ठेवलेला असे.

अपेक्षेहून कमी मिळालेल्या या यशाचा आणखी एक खुलासा १९९० नंतरच्या संशोधनातून मिळाला. येल विद्यापीठात मनोहर पंजाबी व सहकाऱ्यांनी मानेच्या कण्याच्या नमुन्यांवर प्रयोग केले आणि जपानमध्ये कानेओका व ओनो यांनी स्वयंसेवकांचे क्ष-किरण चलच्चित्रण केले. डोके पुरते मागे झुकण्यापूर्वीच, सु. एकदशांश सेकंदात, मानेचे खालचे मणके मागे व वरचे पुढे वाकून कण्याला इंग्रजी ‘एस’ अक्षराचा आकार येतो, असे या प्रयोगांतून दिसून आले. या अवस्थेत मणक्यांच्या मागील बाजूचे लहान सांधे (फॅसेट सांधे) चिमटले जातात व त्यांची आवरणे ताणली जातात. दीर्घकालीन वेदनेचा उगम अनेक रुग्णांत याच सांध्यांत असतो, असे ऑस्ट्रेलियातील बोगडुक, बार्न्स्ली व लॉर्ड यांनी मज्जातंतू बधिर करून केलेल्या चाचण्यांतून दाखवले.

स्वीडनमधील संशोधन : गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठातील बेर्टिल आल्डमन यांनी १९८६ मध्ये वेगळी उपपत्ती मांडली. मान झपाट्याने आकार बदलते तेव्हा मणक्यांच्या नळीतील द्रवाचा दाब एकदम बदलतो व त्यामुळे मज्जामुळांजवळील गुच्छिकांना इजा होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वेन्सन व सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या डुकरांवरील प्रयोगांत असे दाबबदल मोजले. त्याच विचारातून १९९६ मध्ये ‘निक’ हा मानइजा-निकष तयार झाला. मानेच्या खालच्या व वरच्या टोकांमधील सापेक्ष त्वरण आणि वेग यांवरून तो काढतात आणि १५ चौ. मी. प्रति चौ. सेकंद ही त्याची सुचवलेली मर्यादा आहे. चाल्मर्स, साब, व्होल्वो व ऑटोलिव्ह यांच्या सहकार्याने लवचिक कण्याचा ‘बायोरिड’ हा डमीही घडवला गेला. साबने १९९७ मध्ये पाठीच्या दाबानेच डोक्याकडे सरकणारा आधार आणला, तर व्होल्वोने १९९८ मध्ये धडकेबरोबर मागे कलून ऊर्जा शोषणारी आसनाची ‘व्हिप्स’ पाठ आणली. व्होल्वोच्याच अपघातनोंदींनुसार व्हिप्समुळे सुरुवातीची लक्षणे सु. ३३ टक्क्यांनी व वर्षाहून अधिक टिकणारी सु. ५४ टक्क्यांनी घटली. कोणती ऊती नेमकी दुखावते यावर एकमत झालेले नसतानाच ही आसने उपयोगी ठरली, हे या संशोधनाचे सर्वांत ठोस फलित मानावे लागेल. मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या यूरो एनकॅप या यूरोपीय कार्यक्रमाच्या गुणांकनात मानेची चाचणी २००९ पासून धरली जाते.

वर्गीकरण व वाद : कॅनडातील क्वेबेक कार्यदलाने १९९५ मध्ये शून्य (तक्रार नाही) ते चार (अस्थिभंग वा सांधा निखळणे) अशी श्रेणी ठरवली व ती आजही वापरात आहे. १९९६ मध्ये श्राडर व सहकाऱ्यांनी लिथुएनियात, जेथे भरपाईची प्रथा फारशी नव्हती, मागून धडक बसलेल्या २०२ जणांत दीर्घकालीन तक्रारी इतरांहून लक्षणीय प्रमाणात अधिक नसल्याचे नोंदवले. तथापि त्यांत पुरुषांचाच भरणा असल्याने या निष्कर्षावर टीका झाली. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १९९५ मध्ये दोष सिद्ध न करता भरपाई देणारी विमापद्धती लागू झाल्यावर दाव्यांचे प्रमाण सु. २८ टक्क्यांनी घटले. याचा अर्थ कसा लावावा, याविषयी मतभेद आहेत.

उपचार : मानेला पट्टा बांधून विश्रांती घेण्यापेक्षा लवकर हालचाल सुरू करण्याकडे आता कल आहे.

स्त्रिया व चाचणी : स्त्रियांना या इजेचा धोका पुरुषांच्या सु. दीड ते तिप्पट असल्याचे विविध पाहण्यांत आढळते. तरीही बायोरिड सरासरी पुरुषाच्या मापाचा आहे. स्वीडनच्या आस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने आधी ‘इव्हारिड’ हे संगणकीय प्रतिमान आणि पुढे सरासरी स्त्रीच्या मापाचा प्रत्यक्ष डमी तयार केला.

वापर : अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या मापदंडानुसार डोक्याच्या आधाराचा वरचा काठ डोक्याच्या माथ्यापेक्षा ६ सेंमी.हून अधिक खाली नसावा आणि डोक्यामागील अंतर ७ सेंमी.हून अधिक नसावे. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या तशाच कार्यक्रमाच्या मूळ नियमावलीत समोरील, बाजूची व खांबावरील धडक यांच्या चाचण्या आहेत. मागील धडकेतील मानेची चाचणी तीत नाही.